पीटर पॅनची दिव्यांशी गट्टी

नाटकात परी दाखवायची आहे, पण ती असायला हवी मुठीएवढी! एवढी चिमुकली नटी आणायची कुठून? ‘पीटर पॅन’ नाटकातल्या टिंकर बेल परीसाठी एक झकास युक्ती होती. पडद्याआडून कुणीतरी छोट्या आरशाने प्रखर दिव्याचा कवडसा रंगमंचावर पाडायचं. आरसा फक्त ५ अंश फिरवला, तरी कवडसा १० अंश वळतो. म्हणून मनगट जरासं हललं की परी भुर्रकन दुसरीकडे!

हे नाटक १९०५ साली न्यूयॉर्कच्या एम्पायर थिएटरमध्ये आलं. कधीच मोठा न होणारा, उडणारा पीटर कोण झालं होतं, ठाऊक आहे? मॉड अ‍ॅडम्स नावाची ३२ वर्षांची अभिनेत्री! तिची आईसुद्धा अभिनेत्री होती. त्यामुळे मॉड तान्ही असतानाच रंगमंचावर आली होती. तिचा पीटर इतका गाजला, की तिने ही भूमिका १,५०० हून अधिक वेळा केली.

पण खरी गंमत तर पुढेच आहे. १९१८ मध्ये मोठ्या आजारपणानंतर मॉडने रंगमंच सोडला आणि पुढे ती चक्क दिव्यांच्या प्रयोगशाळेत गेली! स्केनेक्टडी शहरातल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत ती तज्ज्ञांबरोबर अधिक प्रखर दिव्यांवर काम करू लागली. रंगीत चित्रपटांच्या प्रयोगांतही तिला रस होता.

रंगीत चित्रणासाठी इतका उजेड का लागायचा? तेव्हा कॅमेऱ्यात रंगीत काचा बसवत. लाल काच फक्त लाल प्रकाश पुढे सोडते, बाकीचा अडवते. म्हणजे फिल्मपर्यंत पोचणार थोडासाच! मग दिवाच दणकट हवा.

त्या काळी कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये विजेची ठिणगी पेटती ठेवणारे आर्क दिवे वापरत. ते लख्ख असत, पण फुसफुसत, धूर सोडत. मॉडच्या दिव्यात मात्र टंगस्टनची बारीक तार तापून पांढरीशुभ्र उजळायची, अगदी गुपचूप! पुढे बोलपट आले, तेव्हा आवाज न करणारे असे दिवेच स्टुडिओंना हवेहवेसे झाले.

नंतर मॉडने मिझुरीतल्या स्टीव्हन्स कॉलेजात मुलींना नाटक शिकवलं. टाळ्या मिळाल्या म्हणून तिचं कुतूहल थांबलं नाही, हेच मला फार आवडतं. आता बालनाट्याला जाल, तेव्हा नटांबरोबर वरचे दिवेही बघा. कुठला रंग कधी बदलतो आणि का, हे ओळखून आम्हाला नक्की कळवा!