सभेत उभे राहताना

ग्रामसभेत पुष्कळदा दिसणारे एक दृश्य आहे. नळाच्या पाण्याचा प्रश्न निघतो. ज्याच्या वाडीत पाणी पोहोचत नाही, तो गृहस्थ सभेला आलेला असतो. आदल्या रात्री ओसरीवर बसून त्याने शेजाऱ्यांना सारी हकीकत मुद्देसूद सांगितलेली असते. परंतु ‘कोणास काही बोलावयाचे आहे काय?’ असा प्रश्न येताच त्याच्या घशाला कोरड पडते आणि तो खाली पाहत राहतो. ठराव होतो, सभा संपते. परतीच्या वाटेवर मात्र त्याला एकेक वाक्य आठवू लागते!

१९९३ साली अंमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला राज्यघटनेत स्थान दिले. गावच्या मतदारयादीत ज्यांचे नाव आहे, ते सर्व स्त्री-पुरुष तिचे सभासद होत. हक्क असा दारापर्यंत आला आहे. पण तोंड उघडल्यावाचून तो वापरता येत नाही. म्हणून चारचौघांत बोलता येणे ही पुढाऱ्यांची मिरासदारी नसून संसारी माणसाची गरज आहे.

‘ती देणगी जन्मतःच असावी लागते,’ असे पुष्कळजण म्हणतात. त्यांनी महात्मा गांधींची आत्मकथा अवश्य वाचावी. १८९१ साली बॅरिस्टर होऊन मायदेशी परतल्यावर गांधीजींना मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिला खटला मिळाला. साक्षीदाराची उलटतपासणी घेण्यास ते उठले मात्र, त्यांचे डोके गरगरू लागले. एकही प्रश्न सुचेना. ते खाली बसले आणि ३० रुपयांची फी परत देऊन कोर्टाबाहेर पडले.

पुढे १८९३ साली दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया शहरी त्यांनी तेथील हिंदी व्यापाऱ्यांपुढे भाषण केले. ‘हेच माझे पहिले जाहीर भाषण,’ अशा अर्थाचे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. मग मुंबईत न सापडलेली जीभ तेथे कशी सापडली? विषय होता व्यापारातील सचोटी, आणि त्याची तयारी त्यांनी आधी केली होती. शिवाय डोळ्यांपुढे आपली फजिती नव्हती. आपल्या बांधवांचे हाल होते. ज्याला दुसऱ्यासाठी बोलावयाचे असते, त्याला स्वतःचा विसर पडतो. आणि भीती बव्हंशी स्वतःविषयीच असते.

तरीही ही विद्या एका दिवसात पचत नाही. १८९६ साली मुंबईच्या भरगच्च सभेत गांधीजींचा आवाज पुन्हा थरथरला आणि त्यांचे लिखित भाषण इतरांना वाचून दाखवावे लागले. पण त्यांनी बोलणे सोडले नाही. या संकोचाने आपल्याला शब्द जपून वापरण्यास शिकविले, असे ते पुढे कृतज्ञतेने सांगत.

कोणी म्हणेल, गोड बोलणारे लबाडही असतात. खरे आहे. संत ऑगस्टिन हे स्वतः मिलान नगरीत वक्तृत्वाचे अध्यापक होते. उतारवयात त्यांनी याच शंकेला उत्तर दिले आहे. वक्तृत्व सत्याच्याही कामी येते आणि असत्याच्याही; मग असत्याचे कैवारी ते शिकत असता सत्याच्या कैवाऱ्यांनीच निःशस्त्र का राहावे, असा त्यांचा प्रश्न आहे. गावातील प्रामाणिक माणूस गप्प बसला, तर सभा कोणाच्या हाती जाते, हे आपण जाणतोच.

उपजीविकेतही या विद्येचा पदोपदी उपयोग आहे. नोकरीच्या मुलाखतीत पदवीचा कागद आधी पाहिला जातो हे खरे, पण उमेदवाराला जोखतात ते त्याच्या बोलण्यावरून. परिचारिकेला घाबरलेल्या नातेवाइकांना धीर द्यावा लागतो. शिक्षकाला पालकांपुढे उभे राहावे लागते. दूध सोसायटीच्या सभासदाला हिशेबावर प्रश्न विचारावा लागतो.

याचे शिक्षण घरीच सुरू करता येईल. रात्री जेवणे आटोपल्यावर एका मुलाने अथवा मुलीने उभे राहून पाच मिनिटे एखादी गोष्ट सांगावी. मोठ्यांनी हसू नये, मध्येच चूक काढू नये. घरच्या गृहिणीनेही आपली पाळी चुकवू नये. देवळात वाचन करण्याची संधी मिळाल्यास ते आधी मोठ्याने दोनदा वाचून जावे. सभेला जाताना तीनच मुद्दे चिठ्ठीवर लिहावेत. पहिले वाक्य मात्र पाठ असावे, कारण धीर सुटतो तो पहिल्याच वाक्याला. शेवटच्या रांगेकडे पाहून सावकाश बोलावे, आणि सांगावयाचे संपले की खाली बसावे.

पुढच्या ग्रामसभेत त्या गृहस्थाने एवढेच म्हटले, ‘आमच्या वाडीत पाणी येत नाही, त्याची नोंद व्हावी,’ तरी पुष्कळ झाले. टाळ्या पडणार नाहीत. पण त्याचे म्हणणे इतिवृत्तात उतरेल, आणि शेजारी बसलेल्या दुसऱ्या कोणाला उठण्याचा धीर येईल.