आरोग्यविम्याचे नवे नियम, त्यांची परिभाषा आणि चितेगावचा विमा-प्रतिनिधी

छत्रपती संभाजीनगराहून (पूर्वीचे औरंगाबाद) पैठणकडे जाणाऱ्या मार्गावर, पैठण तालुक्यात, चितेगाव हे गाव आहे. शेती आणि कारखाना यांच्या सांध्यावर वसलेल्या या गावाची ओळख पुष्कळ वर्षे व्हिडिओकॉनच्या कारखान्यामुळे होती. २०१८ साली त्या कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली. कामगाराच्या दृष्टीने कारखान्याच्या अशा पडतीचा एक परिणाम सहसा दुर्लक्षिला जातो. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने दिलेला उपचाराचा हक्क नोकरीशी बांधलेला होता; नोकरी सुटली की यथावकाश तो हक्कही सुटे. असे कुटुंब खाजगी आरोग्यविम्याकडे वळते, तेव्हा त्याची पहिली गाठ नियमांशी पडत नाही. ती विमा-प्रतिनिधीशी पडते. नियम इंग्रजीत असतात आणि ग्राहक मराठीत विचारतो. या दोहोंमध्ये जे भाषांतर घडते ते बहुधा तोंडीच असते आणि त्याची नोंद कोठेही राहत नाही.

या व्यवहाराचे मूळ शब्द मात्र परके वाटणारे नाहीत. ‘विमा’, ‘हप्ता’, ‘दावा’, ‘मुदत’ हे सारे फारसी-अरबी वळणाचे शब्द मराठीत पूर्णपणे रुळलेले आहेत. मराठवाड्यात तर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानाचा राज्यकारभार उर्दूतून चालत असल्यामुळे त्यांच्याशी विशेष घसट होती. (‘हप्ता’ म्हणजे मुळात सात दिवसांचा आठवडा, तो आज वर्षातून एकदा भरावयाच्या रकमेलाही लागतो, हे अर्थविस्ताराचे चांगले उदाहरण होय.) अडचण या जुन्या शब्दांची नाही. ती गेल्या काही वर्षांत नियमांबरोबर आलेल्या नव्या शब्दांची आहे.

भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने १ एप्रिल २०२४ पासून विमा-उत्पादनांविषयी नवे विनियम अंमलात आणले आणि २९ मे २०२४ रोजी आरोग्यविम्यावरील एक बृहत् परिपत्रक काढून पूर्वीची ५५ परिपत्रके रद्द केली. आधीपासून असलेल्या आजारासाठीचा प्रतीक्षाकाल कमाल ४८ महिन्यांवरून ३६ महिन्यांवर आला. येथे ‘कमाल’ हा शब्द निर्णायक आहे. ३६ महिने ही वरची मर्यादा असून एखादी कंपनी त्याहून कमी काळही ठेवू शकते. परंतु बोलण्याच्या ओघात ‘कमाल’ गळतो आणि ‘आता तीन वर्षे’ एवढेच उरते. त्यात भर अशी की, हाच आकडा दोन दिशांना तोंड करून उभा आहे. पॉलिसी घेण्यापूर्वीच्या ३६ महिन्यांत निदान वा उपचार झालेला आजार हा ‘आधीपासूनचा’ ठरतो, आणि पॉलिसी घेतल्यानंतर त्या आजारासाठी ३६ महिन्यांपर्यंत थांबावे लागते. मागचे ३६ आणि पुढचे ३६ यांची सरमिसळ झाली, तर सांगणारा व ऐकणारा दोघेही प्रामाणिक असूनही समज चुकीची होते.

याहून खोल प्रश्न ‘आजार’ या शब्दाचाच आहे. प्रस्तावपत्रात विचारलेले असते, की अमुक आजार आहे काय. मराठी बोलणारा मनुष्य ‘मला मधुमेह हा आजार आहे’ असे क्वचितच म्हणतो. तो ‘मला साखर आहे’, ‘आईला बीपी आहे’ असे म्हणतो. आजार म्हणजे माणसाला अंथरुणाला खिळवणारी गोष्ट. गोळी घेऊन कामावर जाता येते ती अवस्था आजार नव्हे, अशी ही वाटणी आहे. म्हणून ‘पूर्वीचा काही आजार?’ या प्रश्नाला मिळालेले ‘नाही’ हे उत्तर भाषेच्या दृष्टीने खरे, पण कायद्याच्या दृष्टीने माहिती दडविणे ठरू शकते. ‘पूर्वीचा’ हे विशेषणही फसवे आहे. होऊन गेलेला, आता नसलेला, असाच त्याचा पहिला अर्थ कानाला भासतो. जाणता प्रतिनिधी या कारणास्तव आजार विचारीत बसत नाही. रोज कोणती गोळी चालू आहे, हे विचारतो. परिभाषाकोशाला न सुटलेला प्रश्न व्यवसायाने असा सोडविलेला आहे.

‘मोरॅटोरियम’ या शब्दाची कथा आणखी निराळी. विलंब या अर्थाच्या लॅटिन धातुकुळातील हा शब्द. मार्च २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने करोनाच्या संकटात कर्जाचे हप्ते लांबणीवर टाकण्याची मुभा दिली, तेव्हा तो घरोघर पोहोचला, तो ‘तूर्त हप्ता भरू नका’ या अर्थाने. आरोग्यविम्यात त्याचा अर्थ सर्वस्वी वेगळा आहे. सलग ६० महिने विमा चालू राहिला, तर त्यानंतर माहिती दिली नाही वा चुकीची दिली या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. एकाच शब्दाने बँकेत हप्ता थांबतो आणि विम्यात हप्ता न थांबवल्यासच लाभ मिळतो, हा विरोध समजावून सांगण्याचे काम कोणत्याही परिपत्रकाने केलेले नाही. ‘निर्विवाद काल’ असा प्रतिशब्द सुचविता येईल. तो निदान अर्थाच्या जवळ जातो.

प्रतिनिधीच्या स्वतःच्या मिळकतीतही शब्दांची अशीच उलथापालथ झाली आहे. वैयक्तिक आरोग्यविम्यावर पूर्वी १५ टक्क्यांची कमिशन-मर्यादा होती. १ एप्रिल २०२३ पासून ती जाऊन कंपनीच्या एकूण व्यवस्थापन-खर्चाची मर्यादा आली. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर उठला. ग्राहकाला ही सवलत झाली. तथापि, कमिशनवर कंपनी जो कर भरते त्याची वजावट तिला हप्त्यावरील करातून मिळत असे. हप्ताच करमुक्त झाल्याने ती वजावट बंद पडली. तेव्हा ऑक्टोबर २०२५ पासून कित्येक कंपन्यांनी कमिशन ‘करासहित’ ठरविले. जेथे प्रतिनिधीला १०० रुपये मिळत, तेथे हिशेबाने सुमारे ८४ रुपये ७५ पैसे उरतात. दर तोच राहिला. ‘सहित’ या एका पदाने मिळकत घटली. पुढच्या वर्षी हा शब्द राहील की जाईल, हे ठाऊक नसताना नवा ग्राहक शोधावयाचा, अशी ही स्थिती आहे.

शिवाय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण १ जुलै २०२४ पासून राज्यातील सर्व कुटुंबांना दरसाल पाच लाख रुपयांपर्यंत लागू झाले. सरकार फुकट देते ते विकत का घ्यावे, हा ग्राहकाचा प्रश्न रास्तच आहे. योजना ठराविक उपचारांना व अंगीकृत रुग्णालयांना लागू आहे, हे त्याचे उत्तर. ते देताना योजनेची निंदा करण्याचा मोह काही प्रतिनिधींना होतो. तो अनुचित आहे, कारण ज्याला हप्ता झेपत नाही त्याला योजनाच सांगितली पाहिजे.

प्राधिकरणाला भाषेच्या प्रश्नाची जाणीव नाही, असे म्हणता येत नाही. १ जानेवारी २०२४ पासून प्रत्येक ग्राहकाला सोप्या भाषेतील ‘ग्राहक माहिती पत्रक’ देणे आणि त्याची पोच घेणे बंधनकारक झाले. ग्राहकाची इच्छा असल्यास ते स्थानिक भाषेत मिळावयाचे आहे. परंतु त्याच पत्रकात असेही कलम आहे, की पत्रक व पॉलिसी यांत विसंगती आढळल्यास पॉलिसीतील अटी प्रमाण मानल्या जातील. म्हणजे मराठी मजकूर समजण्यासाठी आणि इंग्रजी मजकूर निवाड्यासाठी, अशी विभागणी झाली. प्रस्तावपत्राच्या शेवटी आणखी एक छोटी चौकट असते: अर्जदाराने अर्जाच्या भाषेखेरीज अन्य भाषेत सही केली असेल, तर मजकूर त्याच्या भाषेत समजावून सांगितल्याचे निवेदन तेथे करावयाचे असते. चितेगावसारख्या गावी मराठीत सही करणाऱ्या ग्राहकाच्या अर्जावर ही चौकट भरावी लागते, आणि ‘साखर’ व ‘आजार’ यांतील अंतर उलगडून सांगितले होते की नाही, हे त्या निवेदनाखालील सहीवरून कोणालाच कळत नाही.