काळा रंग आणि त्याचा उजाळा



साहित्य, इतिहास, राजकारण अशा भारदस्त विषयांच्या रांगेत दोन इंची बाहुल्यांना काळा रंग कसा द्यावा हा विषय पाहून कित्येकांच्या कपाळाला आठी पडली असेल. त्यांना आम्ही दोष देत नाही. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडणाऱ्या मुलांचे हे काम, असे आम्हांलाही एके काळी वाटे. परंतु या कामात एकदा आमची अशी फजिती झाली की, काळा रंग म्हणजे काय हा साधा प्रश्न आपण स्वतःला कधी विचारलाच नव्हता, हे आमच्या ध्यानात आले. ती फजिती आणि तिच्यातून सापडलेली वाट, एवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम बाहुल्यांविषयी. लंडनच्या विल्यम ब्रिटन यांनी १८९३ साली शिशाचे आतून पोकळ सैनिक ओतण्याची युक्ती काढली. त्यांची ५४ मिलिमीटर ही उंची पुढे प्रतिकृती करणाऱ्यांचे एक सर्वमान्य माप होऊन बसली. हे माप खऱ्या माणसाच्या सुमारे बत्तिसाव्या हिश्श्याचे आहे. आम्ही रंगवावयास घेतलेला सैनिक याच मापाचा, आणि जर्मनीतील ब्रन्सविक या लहान संस्थानचा होता. तेथील वृद्ध ड्यूक १८०६ साली औरश्टेटच्या लढाईत फ्रेंचांशी लढताना जबर जखमी होऊन पुढे मरण पावला. नंतर नेपोलियनने संस्थानही गिळले. ड्यूकचा मुलगा फ्रीडरिश विल्हेल्म याने १८०९ साली फौज उभारली आणि तिला काळा वेष दिला. हा वेष बापाच्या सुतकाचा, असे सांगतात. काळा कोट, कोटाच्या छातीवर काळेच गोफ, काळे जोडे, काळी टोपी, आणि त्या टोपीवर चंदेरी कवटी. हा मुलगाही १६ जून १८१५ रोजी, वॉटर्लूच्या दोनच दिवस आधी, कात्र ब्राच्या लढाईत पडला.

काळ्याला काळा रंग द्यावयाचा, त्यात विचार तो कसला? आम्ही बाटलीतला निखळ काळा घेतला आणि दोन हात दिले. चेहरा रंगविला, कवटी चंदेरी केली आणि सैनिक दिवाणखान्यात मांडला. शेजारचा सात-आठ वर्षांचा मुलगा आला, बराच वेळ टक लावून पाहत राहिला आणि म्हणाला, “काका, याला तोंड आहे, पण अंग कुठाय?” त्याचे म्हणणे खोटे नव्हते. चुण्या, गोफ, कमरेचा पट्टा हे सारे कोणा कारागिराने डोळे फोडून कोरलेले काम आमच्या दोन हातांखाली गडप झाले होते. ज्या सुतकासाठी तो वेष, ते सुतकही उरले नव्हते. उरले होते माणसाच्या आकाराचे एक भोक.

असे का व्हावे? आपल्याला वस्तूचा उंचसखलपणा दिसतो तो तिच्यावरून परत येणाऱ्या कमीअधिक प्रकाशामुळे. प्रकाश परतलाच नाही, तर आकार असूनही दिसत नाही. याचे टोकाचे उदाहरण २०१४ साली इंग्लंडमधील सरे नॅनोसिस्टिम्स या कंपनीने जगापुढे ठेवले. व्हँटाब्लॅक नावाचा त्यांचा लेप पडलेल्या प्रकाशापैकी ९९.९६५ टक्के प्रकाश शोषून घेतो. हा लेप दिलेली गोल वस्तू समोरून चपट्या डागासारखी दिसते. कलाकृतीत त्याचा वापर करण्याचा एकट्याचा हक्क मूळचे मुंबईचे शिल्पकार अनिश कपूर यांनी मिळविला आणि २०१६ साली त्यावरून कलावंतांत मोठा वाद माजला. कपूर यांना पोकळीचा आभास हवा होता. आम्हांला मात्र सैनिक हवा होता.

आता दुसरी गंमत पाहा. साधा काळा रंग शंभरांतील चार-पाच भाग प्रकाश परत पाठवितो, पांढरा कागद सुमारे ऐंशी भाग. भर दुपारच्या उन्हात सुमारे १,००,००० लक्स प्रकाश असतो, घरातल्या दिव्याखाली तीनशेच्या आसपास. हिशेब केला तर उन्हातल्या काळ्या कोटावरून ४,००० भाग प्रकाश डोळ्यांत येतो आणि घरातल्या पांढऱ्या कागदावरून अवघे २४०! तरीही आपण कोटाला काळाच म्हणतो आणि कागदाला पांढराच. तात्पर्य, काळेपणा हा डोळ्याने शेजारच्या वस्तूंशी तुलना करून दिलेला निवाडा आहे. आडेमार गेल्ब या शास्त्रज्ञाने १९२९ साली अंधाऱ्या खोलीत एका काळ्या तबकडीवरच तेवढा झोत सोडला, तेव्हा ती पाहणाऱ्यांना पांढरी वाटली. शेजारी पांढऱ्या कागदाचा कपटा धरताच ती काळी झाली.

मग खऱ्या माणसाच्या काळ्या कोटाला जे आपोआप साधते, ते बाहुलीला का साधू नये? कारण मापाचे आहे. खऱ्या कोटाची दोन सेंटिमीटर खोल चुणी बाहुलीवर जेमतेम ०.६ मिलिमीटर उरते. दिवाणखान्यातल्या मंद, चहूकडून येणाऱ्या प्रकाशात एवढ्याशा खाचेची सावली ती काय पडणार? शिवाय अर्ध्या मीटरवरून ही बाहुली पाहणे म्हणजे खरा माणूस सोळा मीटरांवरून पाहणे होय. म्हणून उन्हाने करावयाचे काम येथे कुंचल्याने करावे लागते. यालाच आम्ही उजाळा देणे म्हणतो.

उजाळा कोठे आणि कोणता, हे पुस्तकापेक्षा डोळ्यांनी शिकावे. संक्रांतीची काळी चंद्रकळा पाहा, तिच्या घड्यांच्या कडा मऊ, विरघळत जाणाऱ्या करड्या दिसतात. ओली छत्री पाहा, तिच्यावर आभाळाची निळसर पट्टी चमकते. देवळातली तेल लावलेली काळ्या पाषाणाची मूर्ती समईच्या उजेडात पाहा. नाक, गाल, ओठ यांवरच्या चारदोन चकाकत्या बिंदूंनी अवघे मुख उभे राहते, बाकीचा काळोख तसाच राहतो. व्हॅन गॉगने १८८५ साली भावाला लिहिलेल्या पत्रात, फ्रान्स हाल्स या जुन्या डच चित्रकाराजवळ २७ काळे रंग असल्याचे म्हटले होते. आमच्या सैनिकाला तीन-चार पुरले.

कृती अशी. निखळ काळा खाचांसाठी राखून ठेवावा. मूळ हात काळ्यात थोडा राखी मिसळून द्यावा. कापडासाठी त्यात निळसर राखी वाढवीत चुण्यांच्या माथ्यावर दुसरा हात द्यावा, आणि त्याहून उजळ तिसरा केवळ खांदा, कोपर, गुडघा यांच्या कडांवर. चामड्याला तपकिरी मिसळावा आणि उजाळ्याची रेघ बारीक पण ठसठशीत ओढावी. गुळगुळीत जोड्याला उजाळा थोडाच, पण जवळजवळ पांढरा. तेथे वार्निशची झिलईही शोभते, कोटाला मात्र बिलकूल चकाकी नको. शेवटी पाण्यासारखा पातळ केलेला काळा सर्वांवरून एकदा फिरविला की तुटक हात एकमेकांत मिळून जातात.

दोन धोके सांगून ठेवतो. काळ्यात पांढरा ओतून उजाळा करू नये. त्याने निळसर, खडूसारखा फिकेपणा येतो. पिवळा तर मुळीच घालू नये. काळ्या-पिवळ्याचा शेवाळी हिरवा होतो! दुसरा धोका हौसेचा. उजाळा देता देता हात थांबत नाही आणि काळ्या फौजेचा सैनिक करड्या फौजेत भरती होतो. त्याची कसोटी सोपी आहे. बाहुली हातभर लांब धरून कोणासही कोटाचा रंग विचारावा. उत्तर “काळा” असे ताबडतोब आले पाहिजे. “राखाडी” म्हटले, तर पुन्हा पातळ काळा फिरवावा.

आम्ही तो सैनिक या रीतीने पुन्हा रंगविला. चार संध्याकाळी गेल्या. शेजारच्या मुलाला बोलावून, काही न सांगता, तो त्याच्या हाती दिला. त्याने खिडकीपाशी नेऊन तो पाहिला आणि छातीवरचे गोफ एकेक करून मोजू लागला. कोटाचा रंग कोणता, असे आम्ही विचारले. “काळा की!” असे मान वर न करताच तो म्हणाला, आणि मोजणे चुकल्यामुळे त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.