चिमेरा अँट आर्क इतका लांब का आहे, आणि तरी तो का बघायचा

ऐकण्यापेक्षा वाचायला ज्यांना आवडतं, किंवा इअरफोन घरी विसरून जे लोकलमध्ये चढलेत, त्यांच्यासाठी हा या आठवड्याच्या एपिसोडचा लेखी अवतार. बोलताना आलेले "म्हणजे", "अरे", "काय म्हणतात ते" बरेचसे काढलेत. थोडे राहिलेत, सांभाळून घ्या.

आजचा विषय मेसेजमध्ये सगळ्यात जास्त वेळा आलेला: 'हंटर एक्स हंटर'मधला चिमेरा अँट आर्क. मेसेजचा सूर साधारण एकच. "दादा, यॉर्कनू आर्क एका वीकेंडला संपवला. ग्रीड आयलंडपण मजेत गेला. पण हा मुंग्यांचा आर्क संपतच नाही. सोडून देऊ का?"

माझं उत्तर आहे, नका सोडू. का, ते पुढे सांगतो. आधी स्पॉयलरचा इशारा: शेवटापर्यंत सगळं उघड करणार आहे. ज्यांना कोरं बघायचंय त्यांनी हे पान सेव्ह करून ठेवा आणि १३६ वा एपिसोड संपला की परत या.

आधी आकडे बघू. योशिहिरो तोगाशींनी ही मांगा १९९८ मध्ये 'वीकली शोनेन जंप'मध्ये सुरू केली. चिमेरा अँट आर्क १८६ व्या चॅप्टरपासून ३१८ व्या चॅप्टरपर्यंत चालतो, म्हणजे १३३ चॅप्टर. मध्ये तोगाशींच्या त्या प्रसिद्ध सुट्ट्या आल्या, त्यामुळे जपानी वाचकांना २००३ ते २०११ अशी आठ वर्षं थांबावं लागलं. मॅडहाउस स्टुडिओच्या २०११ च्या ॲनिमेमध्ये एकूण १४८ एपिसोड आहेत आणि त्यातले ७६ ते १३६, म्हणजे ६१, या एका आर्कचे. अख्ख्या सिरीजचा जवळपास चाळीस टक्के भाग. तेव्हा तुम्हाला लांब वाटतोय तर तो खरोखरच लांब आहे.

आता गोष्ट, थोडक्यात. एक जखमी राणी मुंगी समुद्रातून वाहत किनाऱ्याला लागते. माणसाएवढी मोठी. तिची खासियत म्हणजे फॅगोजेनेसिस: ती जे खाते त्याचे गुण तिच्या पुढच्या पिल्लांत उतरतात. मासा खाल्ला तर माशाचे, माणूस खाल्ला तर माणसाचे. एकदा माणसाची चव लागल्यावर पुढे काय होणार हे सांगायला नको.

ती पोचते तो प्रदेश म्हणजे एनजीएल. तिथे यंत्रांना बंदी. फोन नाही, नेटवर्क नाही. त्यामुळे गावंच्या गावं गायब होतात आणि बाहेर कुणाला पत्ताही लागत नाही. मॉनिटरिंग नसलेल्या सर्व्हरसारखं आहे हे. आतमध्ये आग लागलीय आणि डॅशबोर्डच नाही, तर कळणार कसं?

आपला गॉन, त्याचा मित्र किलुआ आणि गॉनचा आदर्श असलेला हंटर काइट तिथे जातात. नेफरपितो नावाची मुंगी काइटला मारते आणि गॉनच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसते: काइटला परत आणायचं. मग राजा जन्मतो. आईचं पोट फाडून तो बाहेर येतो आणि मागे वळूनही बघत नाही. मरताना राणी त्याचं नाव सांगते, मेरुएम, पण ते ऐकायला तो थांबलेलाच नसतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

राजा आणि त्याचे तीन रक्षक, पितो, पूफ आणि युपी, पूर्व गोर्टो नावाच्या हुकूमशाही देशाचा राजवाडा काबीज करतात. ५० लाख लोकांना एकत्र जमवायचं, त्यातून उपयोगाचे निवडायचे आणि बाकीचे मारायचे, असा बेत ठरतो. हे थांबवायला हंटर असोसिएशनचा म्हातारा अध्यक्ष नेतेरो निवडक माणसं घेऊन निघतो.

इथवर ही नेहमीची शोनेन गोष्ट वाटते: राक्षस, हिरो, शेवटी फाइट. तोगाशी वळण घेतात ते यानंतर.

राजाला कंटाळा येतो. वेळ घालवायला तो त्या देशातल्या बैठ्या खेळांच्या चॅम्पियन लोकांना बोलावतो. नियम शिकतो, थोड्या वेळात त्यांना हरवतो आणि ठार करतो. मग गुंगी या खेळाची चॅम्पियन येते. नऊ बाय नऊचा पट आणि सोंगट्यांवर सोंगट्या चढवायच्या, असा हा तोगाशींनीच रचलेला खेळ. चॅम्पियनचं नाव कोमुगी. अंध, गरीब घरातली, सतत शेंबूड गळतोय, बोलणंही धड नाही. राजा तिला हरवूच शकत नाही. एकदा नाही, दहादा नाही, कधीच नाही.

चिडून तो पैज लावतो. जिंकलीस तर मागशील ते देईन, हरलीस तर तुझा डावा हात घेईन. ती गोंधळते आणि म्हणते, हाताऐवजी जीव घेतला तर चालेल का? कारण हरले तर मरायचं, हे तिने आधीच ठरवलेलं असतं. गुंगी सोडली तर आपण कुणीच नाही असं तिला वाटतं. हे ऐकून राजा स्वतःचाच हात उपटून टाकतो. समोरची जिवावर खेळतेय आणि आपण हाताची पैज लावत होतो, याची त्याला लाज वाटते. जन्मल्यापासून त्याला पहिल्यांदा काहीतरी वाटलंय, आणि तेही एका अशा मुलीमुळे जिला तो एका बोटाने मारू शकला असता.

याच सुमारास तो विचारायला लागतो, "माझं नाव काय?" आतापर्यंत 'राजा' पुरत होतं. आता समोर कुणीतरी आहे जिला नाव सांगावंसं वाटतंय.

आता दुसऱ्या बाजूला बघा. एकीकडे मुंगी माणसासारखी होत चाललीय आणि दुसरीकडे गॉन माणूसपणापासून लांब जातोय. हल्ल्याच्या गडबडीत कोमुगी जखमी होते. राजाच्या हुकमावरून पितो तिच्यावर उपचार करत असते, तेवढ्यात गॉन तिथे पोचतो. पितो लढत नाही, विनवणी करते: हिला वाचवू दे, मग हवं ते कर. विश्वास बसावा म्हणून स्वतःचा हात मोडून दाखवते. आणि आपला हिरो, आपला हसरा गॉन, त्या बेशुद्ध मुलीला मारण्याची धमकी देतो.

मी हा सीन पॉज करून बसलो होतो. राक्षस निरपराध मुलीला झाकून उभा आहे आणि तिच्यावर डोळा आहे हिरोचा. मग कुणाच्या बाजूने व्हायचं? तोगाशी उत्तर देत नाहीत. पुढे काइट केव्हाच मेलाय आणि त्याला परत आणता येणार नाही, हे कळल्यावर गॉन आयुष्यभराची सगळी ताकद एका क्षणात खर्च करून पितोला संपवतो. १३१ वा एपिसोड. लोक त्याच्या क्लिप 'सगळ्यात भारी फाइट' म्हणून शेअर करतात. मला मात्र ती एका पोराने केलेली आत्महत्या वाटते, आणि किलुआ ती हताशपणे बघत असतो.

तिसरा धागा नेतेरोचा. वयाच्या ४६ व्या वर्षापासून रोज १०,००० ठोसे मारणारा माणूस, प्रत्येक ठोशाआधी हात जोडून कृतज्ञता व्यक्त करणारा. पहिल्या दिवशी १८ तासांहून जास्त वेळ लागला, पुढे तेच एका तासाच्या आत व्हायला लागलं. तपश्चर्या म्हणजे काय ते इथे दिसतं. हा माणूस मेरुएमशी लढतो आणि हरतो. राजाला त्याचं नाव मिळतं तेही याच म्हाताऱ्याकडून. पण नेतेरोच्या शरीरात एक बॉम्ब बसवलेला असतो. हृदय थांबलं की स्फोट. तो हसत स्वतःचं हृदय थांबवतो.

त्या बॉम्बचं नाव गुलाबावरून आहे. छोटा, स्वस्त, आणि उरलेलं काम विषाचं: जो वाचला त्याच्याकडून शेजारच्याला, तिथून पुढच्याला. जपानी वाचकाला यात हिरोशिमा आणि नागासाकी दिसल्याशिवाय राहत नाहीत. म्हणजे बघा, माणूस जिंकतो तो तपश्चर्येने नाही. जिंकतो ते दुष्टपणाने, फॅक्टरीत तयार झालेल्या दुष्टपणाने. 'मेहनत करा, जिंकाल' हे शिकवणाऱ्या मासिकात हे छापून आलंय.

आता लांबीचा प्रश्न. १११ व्या एपिसोडपासून राजवाड्यावर हल्ला सुरू होतो आणि निवेदक एकेका सेकंदाचा हिशोब सांगत बसतो. कोण कुठे उभा आहे, कुणाच्या मनात काय चाललंय, कुणाचा अंदाज कुठे चुकला. बरेच जण इथेच कंटाळतात. मी याकडे कामाच्या नजरेने बघतो. सर्व्हर पडतो दोन सेकंदांत, पण त्या दोन सेकंदांचे लॉग आपण दोन दिवस वाचतो, कारण काय कशामुळे झालं ते त्यातच असतं. इथेही तसंच. एकाने पाऊल उचलायला उशीर केला म्हणून दुसरा वाचतो, तिसरा विचार बदलतो. निवेदन काढून टाकलं तर फक्त मारामारी उरेल. पितो गॉनसमोर का झुकली, हे कळण्यासाठी त्याआधीची सगळी मिनिटं लागतात.

आणि शेवटासाठीही लागतात. विष भिनलेला मेरुएम विसरलेली कोमुगी आठवल्यावर तिचा पत्ता मिळवण्यासाठी पाम नावाच्या शत्रूकडे विनवणी करतो. मग कोमुगीला खरं सांगतो: मी मरणार आहे, हे विष पसरतं, माझ्याजवळ थांबलीस तर तूही मरशील. ती थांबते. दोघं गुंगी खेळतात. त्याची नजर जाते, अंधार होतो, आता दोघंही सारखेच. मांगामध्ये इथे पानंच काळी होत जातात, फक्त संवाद उरतात. तिला तो शेवटपर्यंत एकदाही हरवू शकत नाही. तो तिला आपलं नाव सांगतो आणि स्वतःच्या नावाने हाक मारायला लावतो.

५० लाख माणसांना मारायला निघालेल्या प्राण्यासाठी आपण रडतोय, हे बरोबर आहे का? मला अजून नक्की सांगता येत नाही. त्याने मारलेली माणसं खरी होती, त्यांचीही नावं होती. पण ६१ एपिसोड बघितल्याशिवाय हा प्रश्न पडलाच नसता, एवढं मात्र खरं.

तर अडकलेल्यांसाठी छोटा सल्ला. ९१ च्या आसपास राजा जन्मेपर्यंत धीर धरा. १११ नंतर रोज दोनच एपिसोड बघा, बिंज नको. १.५ स्पीडवर तर अजिबात नको, आमचा पॉडकास्ट हवा तर तसा ऐका. आणि १३५ वा रात्री एकट्याने बघा, फोन सायलेंटवर ठेवून.

बघून झाला की मला एवढंच कळवा: पितो आणि गॉनच्या त्या खोलीत तुम्ही कुणाच्या बाजूने होता? पुढच्या एपिसोडमध्ये तुमची उत्तरं वाचतो. चला, भेटू!