किरकोळ खर्च

आमचे वडील पोस्टमास्तर होते. आम्ही त्यांना नाना म्हणत असू. पोस्टातल्या माणसाचा दिवसाचा हिशेब चार आण्यांनी चुकला तरी त्याला रात्री झोप लागत नाही, आणि निवृत्तीनंतरही नानांची ही खोड गेली नाही. घरखर्चाची वही ते अखेरपर्यंत लिहीत होते. कोथिंबीर तीन रुपये, छत्रीला काडी बसवली दहा रुपये, आईच्या चष्म्याची दांडी, दाराशी आलेल्या वासुदेवास पाच रुपये. सारे काही टपोऱ्या अक्षरात आणि खऱ्या नावाने. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली उतरवली तेव्हा त्या वह्या निघाल्या. चकलीची भाजणी दळून आणायचे काम माझ्याकडे होते. ते तसेच राहिले आणि मी जमिनीवर फतकल मारून वह्या वाचू लागलो.

२०१० सालापासून दर महिन्याला एक नोंद सारखी भेटत होती. 'पुणे, किरकोळ.' पुढे आकडा, कधी २,५००, कधी २,९००. तीन रुपयांच्या कोथिंबिरीला नाव होते आणि एवढ्या मोठ्या रकमेला नाव नव्हते.

किरकोळ हा शब्द मोठा सोयीचा आहे. किरकोळ जखम, किरकोळ विक्री, किरकोळ अंगाचा माणूस. ज्याची कोणी चौकशी करू नये असे आपल्याला वाटते, त्याला खुशाल किरकोळ म्हणावे. नानांच्या वहीतले किरकोळ म्हणजे माझा धाकटा भाऊ होता.

त्याच्याविषयी लिहायला त्याची परवानगी घेतली आहे. "लिही की दादा," तो म्हणाला, "फक्त माझं अक्षर वाईट आहे, तेवढं लिहू नकोस."

आमचे गाव पुणे-बंगळूर महामार्गावरचे, तालुक्याचे. धाकटा तिथल्याच एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करी. २००९ च्या जूनमध्ये त्याची झोप गेली. पहाटे तीनला उठून तो अंगण सारवू लागला, बोलण्याचा वेग वाढला, एकाचे म्हणणे पुरे व्हायच्या आत दुसरा बेत तयार. एक दिवस त्याने सायकलच्या दुकानातून चौदा सायकली उधारीवर घेतल्या आणि लांबून पायी येणाऱ्या शाळेच्या पोरांना वाटून टाकल्या. गावाने त्याला दानशूर कर्ण म्हटले. आम्हालाही दोन दिवस अभिमान वाटला, हे कबूल केले पाहिजे. तिसऱ्या दिवशी तो वर्कशॉपच्या मालकाला कारखाना विकत मागायला गेला, आणि पाचव्या दिवशी त्याला चौघांनी धरून घरी आणले.

पुढचे सहा महिने कसे गेले ते थोडक्यात सांगतो, कारण ते बहुतेक घरांत सारखेच जातात. कोणी म्हणाले करणी, कोणी म्हणाले बाहेरची बाधा. देवऋषी झाला, अंगारा झाला, अमावास्येला उतारा झाला. त्याचे तेवीस हजार रुपये नानांच्या वहीत 'देवकार्य' म्हणून लिहिलेले आहेत. मग पुण्याच्या एका खाजगी इस्पितळात एकवीस दिवस. त्याचे चौऱ्याण्णव हजार. तिथे आजाराला नाव मिळाले. उन्माद आणि खिन्नता यांच्या फेऱ्यांचा हा विकार, डॉक्टर त्याला बायपोलर म्हणतात. औषधही मिळाले, लिथियम. धातूचा साधा क्षार. १९४९ साली ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड नावाच्या डॉक्टराने उन्मादावरचा त्याचा उपयोग प्रसिद्ध केला. औषध जुने, कोणा एकाच्या मालकीचे नाही, म्हणून स्वस्त. सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. खर्च काय तो मधूनमधून रक्त तपासण्याचा, कारण रक्तात ते कमी पडले तर उपयोग नाही आणि जास्त झाले तर विषच. मूत्रपिंड आणि थायरॉईड यांवरही लक्ष ठेवावे लागते. धाकट्याला ते लागू पडले. सहा महिन्यांत तो पुन्हा लेथवर उभा राहिला.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण आता ती लपवायची होती.

गावात सांगितले, धाकट्याला पित्त आहे. लोक भाबडे. शेजारच्या काकूंनी दोन वर्षे कोकमाचे सार पाठवले. दर महिन्याला पहाटेची एस.टी. धरून नाना आणि धाकटा पुण्याला जात. डॉक्टरांची फी द्यायची, तिथल्याच दुकानातून गोळ्या घ्यायच्या आणि परतीच्या वाटेवर, खंबाटकी घाटात, नाना पावतीचे बारीक तुकडे करून खिडकीबाहेर सोडून देत. ज्या माणसाने चाळीस वर्षे रजिस्टरची पोच जपली, तो पावत्या फाडत होता! घरी आल्यावर गोळ्या पट्टीतून काढून च्यवनप्राशच्या रिकाम्या डब्यात जात.

ट्रंकेपाशी बसून मी बेरीज केली. २०१० च्या जानेवारीपासून २०१७ च्या जूनपर्यंत नव्वद महिने, महिन्याला सरासरी २,७००. म्हणजे दोन लाख त्रेचाळीस हजार. देवकार्य आणि इस्पितळ धरून तीन लाख साठ हजार. आता ही २,७०० रुपयांची रक्कम फोडून पाहा. डॉक्टरांचे सहाशे, गोळ्यांचे नऊशे. उरलेले बाराशे एस.टी.चे, जेवणाचे आणि उशीर झाला तर लॉजचे. जवळजवळ निम्मा खर्च आजाराचा नव्हताच, तो गावापासून दूर जाण्याचा होता. जिल्ह्याचे सरकारी रुग्णालय आमच्यापासून एका तासावर. तिथे मनाच्या आजारांची खोली आहे आणि लिथियमही मिळते, हे आम्ही कोणालाच विचारले नाही. विचारायला तोंड उघडावे लागले असते.

नाना २०१७ च्या ऑगस्टमध्ये गेले. वही माझ्याकडे आली, पुण्याची वारीही आली. मी एम.ए. झालेला, वर्गात पोरांना आधुनिकतेवर तासतासभर ऐकवणारा माणूस. पण रजेच्या अर्जात 'कौटुंबिक काम' एवढेच लिहीत आलो. पावत्या मीही फाडल्या, फक्त घाटात नव्हे, स्टँडवरच्या कचरापेटीत.

त्याच सुमारास देशात कायदा बदलला होता. १९१२ च्या जुन्या कायद्याच्या नावातच वेडेपण होते. त्याच्या जागी १९८७ चा आला, आणि त्यानंतर २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ मध्ये म्हटले आहे की विमा कंपन्यांनी शरीराच्या आजाराला जसा विमा द्यावा तसाच मनाच्या आजारालाही द्यावा. वर्तमानपत्रात हे वाचून मी हरखलो आणि २०१९ साली धाकट्याचा आरोग्यविमा काढायला बसलो. एजंट माझाच जुना विद्यार्थी. पूर्वीच्या आजारांचा रकाना आला तेव्हा तो हळूच म्हणाला, "सर, हे कशाला लिहिता? बीपी नाही, शुगर नाही, बास. 'नाही' लिहा." मी 'नाही' लिहिले. सही धाकट्याने केली. अक्षर माझे होते.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली. जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या. एप्रिलच्या मध्यावर डब्यातल्या गोळ्या संपल्या. औषधांची दुकाने उघडी होती. आमच्या चौकातले दुकान घरापासून दोनशे पावलांवर. चिठ्ठी माझ्या खिशात होती. मी दोनदा दुकानापर्यंत गेलो आणि डोकेदुखीची गोळी घेऊन परत आलो. रांगेत ओळखीची माणसे होती. पुण्याला जायचा पास आज मिळेल, उद्या मिळेल, करत बारा दिवस काढले. लिथियम एकदम तोडले तर उन्माद उलटून येतो, हे डॉक्टरांनी आम्हाला पहिल्याच वर्षी बजावले होते. तेराव्या रात्री धाकटा अंगण सारवू लागला.

त्या रात्रीचे वर्णन करीत नाही. पोलीस होते, मास्क होते, आणि तोवर अख्खी आळी गच्चीवर उभी होती. दहा वर्षे लपवलेले एका रात्रीत सगळ्यांना कळले. जिल्ह्याच्या गावी एका खाजगी इस्पितळात अठरा दिवस. बिल बहात्तर हजार. विम्याचा दावा केला. कंपनीने पुण्याची जुनी कागदपत्रे मिळवली, आजार दडवला म्हणून दावा नाकारला आणि पॉलिसीही रद्द केली. कंपनीला मी शिव्या घातल्या, पण दोष त्या 'नाही'चा होता. 'हो' लिहिले असते तरी त्या वर्षी पैसे मिळाले नसते, कारण आधीच्या आजाराला काही वर्षे थांबावे लागते. पण पॉलिसी तरी राहिली असती. पुढे 'हो' लिहून नवीन काढायला गेलो तेव्हा दोन कंपन्यांनी दारातूनच परत पाठवले. तिसरीने दिली. ऑक्टोबर २०२२ मध्ये विमा नियामकाने सगळ्या कंपन्यांना कायदा पाळण्याबद्दल पुन्हा ताकीद दिली, हे इथे नमूद करतो. २०२४ पासून थांबण्याची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांची केली आहे. आणि हेही ध्यानात ठेवावे की असा विमा बहुधा इस्पितळात राहिले तरच उपयोगी पडतो. या आजारात माणूस इस्पितळात राहतो महिनाभर आणि गोळ्या घेतो जन्मभर. महिन्याची फी आणि समुपदेशकाचे तासाचे पैसे सहसा आपल्याच खिशातून जातात.

धाकटा घरी आल्यावर मी चौकातल्या दुकानात गेलो. आता लपवायला उरलेच काय होते! चिठ्ठी पुढे केली. दुकानदाराने ती वाचली, आतून पट्ट्या आणल्या आणि कागदात बांधता बांधता म्हणाला, "सर, आपल्या भागातली आणखी चार घरं ही गोळी नेतात. नावं सांगणार नाही. तुमचंही कोणाला सांगितलं नसतं." मग त्यानेच विचारले, "सरकारी दवाखान्यात का दाखवत नाही?"

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने २०१५-१६ साली देशभर पाहणी केली होती. ज्यांना उपचारांची गरज, त्या शंभरातल्या ऐंशीहून अधिकांना ते मिळत नव्हते. हा आकडा मी पूर्वीही वाचला होता. तो आमच्या चौकातला आहे असे तेव्हा वाटले नव्हते.

सरकारी खोली डोळ्यांच्या विभागाशेजारी आहे. बाकावर बसलेल्यांतले डोळ्यांचे कोण आणि मनाचे कोण, हे ओळखता येत नाही. पहिल्या दिवशी केसपेपरला दहा रुपये दिले. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तेही घेत नाहीत. मी बाकावर बसलो आणि समोर पाहतो तो आमच्या कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक, म्हाताऱ्या आईला घेऊन! आम्ही दोघांनीही भिंतीवरचे हात धुण्याचे चित्र मन लावून वाचले. शेवटी तेच म्हणाले, "नंबर किती आला, सर?" मी म्हटले, "एकवीस." "आमचा एकोणीस." आणि मग तास-दीड तास आम्ही इतके बोललो, जितके स्टाफरूममध्ये पंधरा वर्षांत बोललो नव्हतो. त्यांच्या आईंना 'संधिवात' होता.

तिथे सारे आलबेल आहे असे मुळीच नाही. डॉक्टरांना माणसामागे चार-पाच मिनिटे मिळतात. समुपदेशन बेताचेच. लिथियम एखाद्या महिन्यात संपलेले असते, तेव्हा ते चौकातून विकत आणतो. रक्तातले प्रमाण पाहण्याची सोय नाही, ते खाजगी प्रयोगशाळेत करावे लागते. वास्तविक यादीतली औषधे ग्रामीण रुग्णालयापासून वर सगळीकडे, सदैव आणि विनामूल्य मिळाली पाहिजेत, असे २०१७ च्या कायद्याचे कलम १८ सांगते. एकदा गोळ्या नव्हत्या तेव्हा मी ते कलम लिहून अर्ज दिला. पुढच्या महिन्यात गोळ्या आल्या. अर्जामुळे की आपोआप, देव जाणे. परंतु अर्जाखाली नाव आणि पत्ता लिहिला होता, आणि आमच्या घराण्यात तो पहिलाच.

रात्री-अपरात्री बोलायला माणूस हवे असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे. १० ऑक्टोबर २०२२ ला तो सुरू झाला. पैसे पडत नाहीत, आणि मराठीत बोलता येते. आईने एकदा फोन केला होता, धाकट्याबद्दल नव्हे, स्वतःबद्दल. नाना गेल्यापासून तिलाही झोप नव्हती. ते आमच्या कोणाच्या लक्षात आले नव्हते.

वह्यांकडे परत येतो. त्या दिवशी शेवटी मी २००९ चीच वही पुन्हा उघडली. सायकलवाल्याची उधारी नानांनी कशी फेडली ते पाहायचे होते. मला वाटले होते, तीही किरकोळमध्ये गेली असेल. जुलैच्या पानावर, टपोऱ्या अक्षरात, नोंद सापडली. 'सायकली १४, शाळेच्या मुलांस, चिरंजीवाच्या हस्ते दान. ३०,८००. पैकी पहिला हप्ता २,०००.' पुढचे हप्तेही ओळीने होते, प्रत्येक 'दान' याच नावाने.

ते पान धाकट्याला दाखवले. तो बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "यंदाची वही मी लिहितो."

पाडव्याला नवी वही आणली, हळदकुंकू वाहिले. आता महिनाअखेर आम्ही दोघे एस.टी.ने जातो, तो खिडकीपाशी बसतो. परवा आल्यावर चहा व्हायच्या आत त्याने वही ओढली आणि लिहू लागला. एस.टी. तिकिटे दोन. वडा-चहा. रक्त तपासणी. मग पेन थांबले.

"दादा," त्याने विचारले, "लिथियममधल्या दोन्ही वेलांट्या पहिल्याच ना रे?"

"दोन्ही पहिल्या," मी म्हटले.