बर्फावरच्या हॉकीची उतरंड

1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात बेळगावचे बंडू पाटील होते, त्यामुळे बेळगावकरांना हॉकी परकी नाही. आईस हॉकी मात्र वेगळा खेळ. त्यात मैदानावर एका वेळी प्रत्येक संघाचे सहा खेळाडू, वीस-वीस मिनिटांचे तीन डाव, आणि चेंडूऐवजी कडक रबराची चकती. ती ‘पक’. सामन्याआधी पक चक्क गोठवून ठेवतात, म्हणजे बर्फावर उसळत नाही, सपाट घसरते.

जागतिक स्पर्धेच्या वरच्या गटात फक्त सोळा देश खेळतात. बाकीच्यांसाठी खाली डिव्हिजन असतात. पुरुषांमध्ये डिव्हिजन एकच्या ‘अ’ गटातले पहिले दोन संघ वर चढतात, वरचे तळातले दोन खाली येतात. या चढउतारामुळे खालच्या स्पर्धांनाही धार असते.

भारताचा मार्ग याहून खालून सुरू झाला. 2009 मध्ये आपला संघ अबूधाबीला आशियाई चॅलेंज कप खेळला. 2017 मध्ये बँकॉकला महिलांनी फिलिपिन्सला 4-3 हरवून पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला. त्या संघाचा कणा लडाखच्या मुली होत्या, हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवर सराव करणाऱ्या. माझ्या मते भारतीय हॉकीच्या इतिहासात या विजयाला मानाचं पान हवं. बेळगाव-निपाणीकडे बर्फ नाही, पण चाकांचे स्केट बांधून तोल सांभाळायला इथली मुलंही शिकू शकतात.