आखूड लिंक : प्रसारकार्याच्या मोजमापाचे साधन

पेरणीपूर्वी घरच्या सोयाबीनची उगवणशक्ती पाहण्यासाठी जाणता शेतकरी १०० दाणे ओल्या गोणपाटावर मांडतो आणि काही दिवसांनी अंकुर मोजतो. ७० किंवा त्याहून अधिक दाणे उगवले, तरच ते बियाणे तो नेहमीच्या प्रमाणात पेरतो. मोजल्यावाचून पेरणे म्हणजे हंगाम दैवावर सोपविणे होय. परंतु याच चाचणीची माहिती मोबाईलवरून गावोगावी पाठविणारा कार्यकर्ता मात्र आपला संदेश किती ठिकाणी रुजला, हे क्वचितच मोजतो. ते मोजण्याचे एक सुलभ साधन म्हणजे आखूड लिंक होय.

आखूड लिंक म्हणजे काय?

संकेतस्थळावरील मराठी पानांचे पत्ते फार लांब होतात. पत्ता पाठविताना देवनागरीतील प्रत्येक चिन्हाचे रूपांतर पुष्कळदा ९ रोमन चिन्हांत होते. ‘सोयाबीन’ या शब्दात काना-वेलांटीसह ७ चिन्हे आहेत; त्यांची ६३ होतात. असा पत्ता संदेशात अर्धे पान अडवितो आणि वाचणाऱ्यास गोंधळात पाडतो.

टायनीयूआरएल, बिटली यांसारख्या सेवा अशा पत्त्यास एक आखूड खूण देतात आणि मूळ पत्ता आपल्या नोंदवहीत ठेवतात. शेतकऱ्याने आखूड लिंक दाबली की ती प्रथम त्या सेवेकडे जाते, तेथे नोंद होते व लगेच मूळ पान उघडते. बाजार समितीच्या दारावर गाडीची नोंद करून ती आत सोडावी, तसाच हा प्रकार आहे. लिंक कोणत्या दिवशी, किती वेळा उघडली, हे या नोंदीवरून समजते. काही सेवा वेळ, अंदाजे ठिकाण आणि मोबाईल की संगणक, हेही सांगतात. शेतकऱ्याचे नाव किंवा मोबाईल क्रमांक त्यातून कार्यकर्त्यास कळत नाही.

वेगळ्या गटास वेगळी लिंक

पान एकच असले तरी व्हॉट्सअॅप गट, फेसबुक पान आणि ग्रामपंचायतीच्या फलकावरील क्यूआर कोड यांसाठी निरनिराळ्या लिंक कराव्यात. म्हणजे कोणत्या वाटेने किती जण आले, ते उमगते. काही सेवा एका पत्त्यास पुन्हा तीच लिंक देतात. अशा वेळी मूळ पत्त्याच्या शेवटी ‘यूटीएम’ नावाची खूण जोडून त्यात गटाचे नाव लिहावे. त्यामुळे पान बदलत नाही, केवळ वाट ओळखता येते.

समजा, ५०० सभासदांच्या गटात सकाळी ११ वाजता पाठविलेली लिंक ४० वेळा उघडली, आणि तशाच विषयाची दुसरी लिंक सायंकाळी ७ वाजता पाठविल्यावर १२० वेळा उघडली. सकाळी शेतकरी शेतात असतो, हे येथे आकड्यानेच सांगितले. मात्र प्रात्यक्षिकात खत आणि वाण दोन्ही एकदम बदलले, तर उत्पन्न कशाने वाढले ते कळत नाही. येथेही एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी : वेळ, पहिली ओळ अथवा छायाचित्र.

क्लिक वाढविण्यासाठी पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. एका संदेशात एकच विषय व एकच लिंक असावी.
२. पहिल्याच ओळीत शेतकऱ्याच्या उपयोगाची बाब सांगावी.
३. हंगामातील काम सुरू होण्याच्या थोडे आधी संदेश पाठवावा.
४. लिंकची शेवटची खूण शक्य तेथे वाचता येईल अशी निवडावी.

विश्वासास तडा जाऊ देऊ नये

आखूड लिंकचा मोठा दोष हा की, ती कोठे नेणार हे दिसत नाही. ठकही तिचाच आश्रय घेतात. शासकीय योजनेच्या नावाने आलेली एपीके फाईल उघडल्यास मोबाईल व बँकखाते दोन्ही धोक्यात येऊ शकतात. आपण शेतकऱ्यास अनोळखी लिंक दाबण्याची सवय लावली, तर उद्या ठकाची वाट आपणच मोकळी केल्यासारखे होईल. म्हणून लिंक कोठे जाते ते संदेशातच लिहावे आणि खाली आपले नाव द्यावे. आधार, बँकखाते अथवा अनुदानाच्या अर्जासाठी आखूड लिंक मुळीच देऊ नये; शासकीय संकेतस्थळाचा पूर्ण पत्ता द्यावा. ‘त्वरा करा, पैसे मिळवा’ अशी भाषाही टाळावी.

शेतकरी बंधूंनीही खबरदारी घ्यावी. बिटलीच्या लिंकपुढे अधिक चिन्ह जोडून उघडल्यास मूळ पत्ता पाहता येतो. शंका आल्यास लिंक उघडू नये. फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे.

आणखी एक गोष्ट ध्यानात असावी. गुगलची अशीच सेवा २००९ साली निघाली. २०१९ साली तिच्यावर नवीन लिंक करणे बंद झाले, आणि २०२५ साली वापरात नसलेल्या जुन्या लिंकही बंद करण्याचे ठरले. म्हणून कायमच्या फलकावर आखूड लिंक रंगवू नये आणि मूळ पत्ते आपल्या वहीत उतरवून ठेवावेत.

आकड्याची मर्यादा

१२० क्लिक म्हणजे १२० शेतकरी नव्हेत. एकच जण दोनदा लिंक उघडतो. कधी यंत्रांच्या भेटीही मोजल्या जातात. उलट, एकाने उघडलेले पान पारावर दहा जण ऐकतात, त्याची नोंद कोठेच होत नाही. शिवाय ज्यांच्याजवळ साधा मोबाईल आहे, ते या मोजणीत येतच नाहीत. त्यांच्यापर्यंत पायीच जावयास हवे.

अंकुर म्हणजे पीक नव्हे, तसेच क्लिक म्हणजे कार्यसिद्धी नव्हे. म्हणून आठवड्याचे आकडे पाहून झाल्यावर कार्यकर्त्याने दहा घरी जावे आणि गोणपाटावर दाणे कोणी मांडले, ते विचारावे. तेथे मिळणारा आकडा लहान असेल. पण आपल्या कामाचे खरे माप तोच होय.